चिंचेचं पाणी

रामकृष्णांनी नव्या पुंगळ्यांची पेटी प्रशांतच्या हातात दिली त्या दिवसापासून कौशिकचं पोट जे दुखायला लागलं, ते गुरुवार आला तरी थांबलं नव्हतं.

पेटी तशी लहानच. झाकण काढलं की आत कोऱ्या पितळी पुंगळ्या ओळीने उभ्या. काडतुसाची नुसती टरफलं. दारू आणि गोळी अर्बाब, म्हणजे मालक, स्वतःच्या हाताने भरायचा, आणि ती सामग्री त्याच्या कुलपात असायची. अहमद अर्बाब लांब पल्ल्याचा नेमबाज. विकतचं काडतूस घेऊन स्पर्धेला जाणं म्हणजे घरी पाहुणा बोलावून त्याला हॉटेलातलं जेवण वाढणं, असं त्याचं मत होतं. ओमानमधल्या रुस्ताक गावात त्याच्या घरामागे परवाना घेऊन बांधलेली खोली होती, आणि त्या खोलीतल्या टेबलाशी रामकृष्ण पंचवीस वर्षं बसत आले होते. कुडाळहून फिटर म्हणून आलेला माणूस तिथेच म्हातारा झाला.

आता त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. दिवाळीनंतर कायमचं गावी जायचं ठरलं होतं. त्यांच्या बायकोने, रखमाबाईंनी, तर एक बॅग भरूनही ठेवली होती. प्रश्न एवढाच होता की त्या टेबलाशी पुढे कोण बसणार. अर्बाबने तो रामकृष्णांवर सोपवला होता, आणि रामकृष्ण त्याबद्दल घरात चकार शब्द काढत नव्हते.

धाकट्या कौशिकच्या मते यात प्रश्न कसला? आठ वर्षं तो दिवसभर सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, अर्बाबच्या हार्डवेअरच्या दुकानात उभा राहायचा आणि संध्याकाळी बाबांच्या शेजारी स्टूल ओढून बसायचा. कोरी पुंगळी म्हणजे तयार पुंगळी नव्हे, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. प्रवासात तोंडं चेपलेली असतात, ती आतून सळई घालून गोल करायची. सगळ्यांची उंची एकसारखी छाटायची. मग तोंडाची कड आतबाहेर तासायची, नाहीतर गोळी बसताना खरवडते. बुडाच्या भोकात कीस राहिला असेल तर तो काढायचा. आणि हे सगळं झाल्यावर प्रत्येक पुंगळी दिव्याखाली फिरवून बघायची. जिच्यात जरा संशय, ती बाहेर.

आणि ऑगस्टमध्ये दादा आला. सोहारच्या धातूच्या कारखान्यात माणसं कमी केली, त्यात प्रशांतची खुर्ची गेली. कंपनीचा फ्लॅट रिकामा करून तो आणि त्याची बायको रेवा चार सुटकेसा घेऊन अर्बाबच्या आवारातल्या या दोन खोल्यांत येऊन राहिले. दुसरा व्हिसा मिळाला नाही तर त्यांना देशाबाहेर जावं लागणार होतं. इथवर कौशिकची काही तक्रार नव्हती. उलट त्याने स्वतःचा पलंग दादाला दिला होता. पण नवी पेटी आली आणि बाबा म्हणाले, "प्रशांत, ह्यो लॉट तू कर."

"आयत्या बिळावर नागोबा," कौशिक त्या रात्री बायकोला म्हणाला होता. "सोहारला एसीत बसून कॉफी प्यायला, आणि आता माझ्या स्टुलावर."

"तेरड्याचा रंग तीन दिवस," यशश्रीने समजूत घातली. "भावोजींना नाही जमायचं ते."

पण प्रशांतला जमत होतं, हेच वाईट झालं. हात जड होता, पण माणूस चिकाटीचा. कौशिक दुकानातून आला की दारातून बघायचा. बाबा दादाच्या खांद्यावरून वाकून सांगतायत, दादा मान हलवतोय. आपल्याला शिकवताना बाबा कधी इतके गोड बोलले होते, हे आठवून आठवून तो जेवायला बसायचा आणि त्याला जेवण जात नसे.

*

यंदा खंडेनवमी नेमकी शुक्रवारी आली. एरवी हे लोक सुट्टीच्या सोयीने सण मागेपुढे ओढत, पण यंदा पंचांगानेच सुट्टी दिली. हत्यारांची पूजा त्या मागच्या खोलीतच व्हायची. चिमटे, कानशी, छाटणीचं यंत्र, सगळ्यांना गंध-फूल. अर्बाबला हे पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. दरवर्षी तो जुम्म्याच्या नमाजानंतर येऊन दारात उभा राहायचा, गंध लावून घ्यायचा नाही, पण खोबऱ्याचा तुकडा मागून खायचा.

गुरुवारी दुपारनंतर रामकृष्ण प्रशांतला घेऊन नारळ-फुलांसाठी बाहेर गेले. जाताना म्हणाले, "बायांनो, खोली झाडून काढा. पुंगळे झाले हत, उद्या पूजेक मांडूचे." रखमाबाई गुडघे धरून बाहेरच्या खोलीत पडल्या होत्या. यशश्री पुरणाच्या नादात. खोली झाडायला गेली रेवा.

रेवाला या घरात येऊन दीड महिना झाला होता आणि या दीड महिन्यात तिने एकही काम असं केलं नव्हतं ज्याला कुणी बरं म्हणावं. भात तिचा मऊ होई, सोलकढी फिकी होई. सासूबाई बोलत नसत, पण यशश्रीने केलेली कढी दोनदा घेत. ती मस्कतच्या मदिनत सुलतान काबूसमध्ये वाढलेली मुलगी. तिचं मराठी शाळेत अर्धं इंग्रजीत विरघळून गेलेलं. यशश्री पटापटा बोलायची, सासूबाईंना हसवायची, आणि रेवा शेजारी उभी राहून वाक्य जुळवेपर्यंत विषय बदललेला असायचा. यशश्रीचा तिला हेवा वाटायचा. अगदी स्वच्छ, लाज वाटावी इतका हेवा. आणि गंमत म्हणजे यशश्रीला रेवाच्या इंग्रजीचा वाटायचा.

टेबलावर नवऱ्याने केलेल्या पुंगळ्या ट्रेमध्ये उभ्या होत्या. रेवाने एक उचलून उजेडात धरली. खाली सोन्यासारखी लखलखीत, पण मानेशी निळसर-काळपट वलय. तिने दुसरी पाहिली. तिलाही तेच. सगळ्यांनाच.

'एवढी मेहनत केली आणि डाग तसेच,' तिच्या मनात आलं. उद्या पूजेला मांडल्या की यशश्री बघणार. काही बोलणार नाही, नुसती हसणार. कौशिकभावजी तर नक्कीच काहीतरी बोलणार.

पितळेला चिंच. हे तरी तिला माहीत होतं. दीड महिन्यापूर्वी याच घरात सासूबाईंनी समई घासायला शिकवली होती, तेव्हाचं सगळं तिने मनात नीट लिहून ठेवलं होतं. तिने समई, निरांजन, ताम्हण गोळा केलं, मोठ्या टोपात चिंचेचा कोळ आणि मीठ कालवलं, आणि पूजेच्या भांड्यांबरोबर नवऱ्याच्या सगळ्या पुंगळ्या त्यात बुडवल्या. घासताना ओरखडे पडतील म्हणून घासलं नाही. रात्रभर भिजू देत, सकाळी आपोआप निघेल, असं ठरवून ती खूश होऊन अंघोळीला गेली.

*

संध्याकाळी मगरिबची बांग होत असताना कौशिक दुकानातून आला आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरला.

टोप ओट्याखाली होता. ताम्हणाच्या कडेवरून एक पुंगळी डोकावत होती. कौशिक खाली वाकला. एक नाही, सगळ्याच होत्या.

मानेशी असलेलं ते वलय डाग नव्हता. कारखान्यात पुंगळीची मान तापवून मऊ करतात, म्हणजे बार उडताना ती तडकत नाही. त्या आचेची ती खूण. चांगला माणूस ती खूण बघून माल घेतो. आणि ती नुसती पुसली गेली असती तर एक वेळ चाललं असतं. पण आंबट आणि मीठ रात्रभर मुरलं की पितळेतलं जस्त सुटतं, तांबं उरतं. पुंगळी गुलाबी दिसायला लागते आणि आतून ठिसूळ होते. किती ते वरून कळत नाही. बंदुकीत कळतं.

आत्ता काढून पाण्याखाली धरल्या असत्या, तर काही बिघडलं नव्हतं. त्याला एक हाक मारायची होती फक्त. "वहिनी!" एवढंच.

त्याने ग्लास भरला. पाणी प्यायला. ग्लास विसळून पालथा घातला. त्या वेळात त्याच्या मनात एवढंच होतं की उद्या सगळ्यांसमोर बाबा ट्रे हातात घेतील, आणि मग बघू दादाला खांद्यावरून वाकून कसे शिकवतात. वळला तर दारात यशश्री परात घेऊन उभी.

"काय हो, काय बघताय?"

"काही नाही. पाणी."

ती बाजूला झाली. तो बाहेर जाऊन आईच्या पायाशी बसला आणि तिचे गुडघे दाबू लागला.

*

सकाळी रेवाने टोपातलं पाणी ओतलं. समई झळझळत होती. पुंगळ्याही स्वच्छ होत्या, वलय कुठल्या कुठे गेलं होतं. रंग मात्र जरा वेगळा दिसत होता. लालसर. तिला तो छानच वाटला. तिने त्या पुसून ट्रेमध्ये मांडल्या, हळदीकुंकवाची कुयरी शेजारी ठेवली आणि सगळ्यांना हाक मारली.

रामकृष्ण आत आले. ट्रेपाशी थांबले. एक पुंगळी उचलून त्यांनी चांगल्या डोळ्याजवळ नेली, मग खिडकीशी नेली. मग नखाने टोकरली.

"ह्या काय केलास?" आवाज चढला नव्हता. "कोणी केला ह्या?"

"मी, बाबा." रेवा पुढे झाली. "डाग होते ना, मी... चिंच लावली. रात्रभर ठेवली. क्लीन झाल्या."

प्रशांतने पुंगळी हातात घेतली आणि त्याचा चेहरा उतरला. धातूचाच माणूस तो, त्याला सांगावं लागलं नाही. "अगं, ॲसिड आहे ते, रेवा! रात्रभर? सगळ्या?"

"सगळ्या," रेवा म्हणाली आणि त्याच्या तोंडाकडे बघून तिला समजलं. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. "मला वाटलं, तुझं काम छान दिसावं. सगळे बघणार होते ना. मला वाटलं..." पुढचं वाक्य तिला कुठल्याच भाषेत सापडेना आणि ती भिंतीकडे तोंड करून रडायला लागली.

रखमाबाई गुडघे विसरून उठल्या आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "गप रव, चेडवा. पितळेक चिंच लावतत म्हणान मीच सांगितलंय तुका. माझीच चूक."

हे बघून यशश्रीला आत कुठेतरी बोचलं. आपण चार वर्षं या घरात राबतोय, आपल्या पाठीवर असा हात कधी पडला नाही. रेवाची फजिती झाली याचा तिला थोडा आनंदही होत होता, खोटं का बोला. पण कौशिकला तेवढ्यावर थांबवेना.

"दादा, एवढा महत्त्वाचा माल उघड्यावर टाकून जायचा असतो का?" तो म्हणाला. "बाबांनी विश्वासाने दिला होता तुला. आणि वहिनी, विचारायचं तरी कुणाला. मी नाही का घरात? एक शब्द विचारला असतात तर सांगितलं असतं."

"चुकलं माझं, भावजी," रेवा भिंतीकडूनच म्हणाली.

"नाही, तुम्ही नव्या आहात, सोडा. पण यशश्री," तो बायकोकडे वळला, "तू तर स्वयंपाकघरातच होतीस ना? आठ वर्षं मी हे काम करतोय, तुला एवढं कळू नये? अक्कल कुठे गहाण टाकली होतीस?"

यशश्रीच्या हातात आरतीचं ताट होतं. ते तिने शांतपणे टेबलावर ठेवलं.

"काल संध्याकाळी तुम्ही पाणी प्यायला आला होता," ती म्हणाली.

कौशिकने ताटातली वात सारखी केली.

"ओट्याखाली वाकला होतात. टोपात बघत होतात. मी विचारलं, काय बघताय, तर म्हणालात काही नाही. मला नाही कळत पितळेतलं. मी पुरण वाटत होते. तुम्हाला कळत होतं ना?"

बाहेर अर्बाबच्या बकऱ्या ओरडत होत्या. प्रशांतने भावाकडे पाहिलं, मग नजर खाली वळवली, जणू गुन्हा त्यानेच केला होता.

"बघलंस तू?" रामकृष्णांनी विचारलं.

"अंधार होता," कौशिक म्हणाला.

"ट्यूबलाइट होती," यशश्री म्हणाली.

"बघलंस?"

"बघितलं. म्हणजे... मला वाटलं, दादाला माहीत असेल. त्याचा लॉट. त्याच्या कामात मी कशाला नाक खुपसू?" आणि मग इतके दिवस आत कोंडलेलं सगळं बाहेर आलं. "मला कुणी विचारलं का, बाबा? आठ वर्षं बसलो मी तुमच्याशेजारी. दुकानातून दमून यायचो तरी बसायचो. एक कड वाकडी गेली तर हातावर फटका मारायचात तुम्ही. आणि हा आला आणि पेटी त्याला! त्याचं काय कर्तृत्व? नोकरी गेली हे? लहानपणापासून हेच. चांगलं ते दादाला. हो, जळलो मी. जळणार नाही तर काय करणार?"

रामकृष्णांनी ट्रे बाजूला सरकवला, हत्यारांना गंध लावलं, फुलं वाहिली, नारळ फोडला. आरती रखमाबाईंनी एकट्यांनीच म्हटली.

*

नमाज झाल्यावर अहमद अर्बाब आला. पांढरी शुभ्र पायघोळ दिशदाशा, डोक्याला मस्सरचा फेटा, अत्तराचा वास. चपला काढून दारात उभा राहिला आणि हात पुढे केला.

"रामा, नारियल किधर?"

रखमाबाईंनी खोबरं दिलं. ते चघळत त्याने खोलीवर नजर फिरवली आणि त्याला ट्रे दिसला. एक पुंगळी उचलून त्याने भुवया वर केल्या. "एश हादा? ये क्या? गुलाबी?"

"खराब हो गया, अर्बाब," रामकृष्ण म्हणाले. "मेरे घर में हुआ. मेरा गलती."

अर्बाबने एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. रेवाचे डोळे सुजलेले होते. तो हसला. "मा फी मुश्किल, कोई बात नहीं. ब्रास और आएगा. आज तुम्हारा ईद है, रोना नहीं." मग त्याने कौशिकच्या खांद्यावर जोरात थाप मारली आणि हात तिथेच ठेवला. "अगला लॉट ये करेगा. मबरूक, कौशिक! अभी बताऊं क्या, रामा? ईद के दिन से पेट में रखा है मैं."

"क्या, अर्बाब?" कौशिकने विचारलं.

"तेरा बाबा ईद को बोला मेरे को. टेबल पे कौन, मैं पूछा. बोला, कौशिक. दूसरा नाम ही नहीं लिया. मैं बोला, बेटे को बोलो. बोला नहीं, दिवाली को बोलेगा." तो प्रशांतकडे वळला. "तेरे वास्ते भी बोला, पिछला महीना. बोला, बड़ा बेटा घर में बैठा-बैठा मर जाएगा, एक पेटी उसके हाथ में देता, नौकरी मिलने तक. मैं बोला, दे दो."

कौशिकने बाबांकडे पाहिलं. जे हिसकावून घ्यायला तो निघाला होता ते ईदपासून त्याचंच होतं. त्याने टेबलाची कड धरली.

"अर्बाब," रामकृष्ण म्हणाले, "वो ईद को बोला था. आज नहीं बोलता."

"क्यों, क्या हुआ?"

"इस टेबल पे काम क्या है? काटना, घिसना, वो तो मशीन भी करेगा. असली काम एक ही. खराब पीस दिखा तो बोलना. बंदूक के पीछे तुम्हारा मुंह रहता है, अर्बाब. पंचवीस साल मैं वो मुंह के लिए देखता है." त्यांनी कोकणी हिंदीतले शब्द एकेक करून गोळा केले. "कौशिक कल शाम को देखा. बोला नहीं."

अर्बाबचा हात नकळत स्वतःच्या गालाकडे गेला. त्याने कौशिकच्या खांद्यावरचा दुसरा हातही काढून घेतला, रागाने नव्हे, पण काढून घेतला.

"और बड़ा?"

"उसका हाथ भारी. वो सोहार में ही अच्छा. मैं बैठता है और थोड़ा. एक आंख है अभी."

"तो गांव?"

रामकृष्णांनी बायकोकडे पाहिलं. रखमाबाई नारळाच्या करवंट्या गोळा करून बाहेर निघून गेल्या. थोड्या वेळाने आतल्या खोलीत बॅगेची चेन उघडल्याचा आणि एकेक लुगडं परत कपाटात जात असल्याचा आवाज आला. यशश्री त्यांच्या मागे गेली. रेवाही गेली. तिघींनी मिळून बॅग रिकामी केली.

अर्बाब गेला. खोलीत बाप आणि दोन मुलगे उरले.

"बाबा," कौशिक म्हणाला. "मी काय केलं हो एवढं? हात तरी लावला का मी?"

"नाय लावलंस," रामकृष्ण म्हणाले. "ताच."

मग त्यांनी खणातून पकड काढली. खराब पुंगळी चुकूनही कुणाच्या बंदुकीत जाऊ नये म्हणून तिचं तोंड चेपून मोडून टाकायचं, हा या टेबलाचा नियम होता. त्यांनी ट्रे ओढून प्रशांतसमोर ठेवला आणि पकड त्याच्या हातात दिली. प्रशांत खाली मान घालून एकेक तोंड चेपू लागला. कौशिक दाराला टेकून बघत राहिला, आणि त्याच्या मनात आलं की मोडायलासुद्धा बाबांनी दादालाच बसवलं.